आज ९८, उद्या ११८

ताईच्या वहीत सहा आठवड्यांचे आकडे आहेत. घरच्या ग्लुकोमीटरवर, सकाळी चहाच्या आधी घेतलेले: ९८, ११८, १०३, ८९, १२१, १०७. मधूनच एखादा जेवणानंतरचा. एका सोमवारी १६४ आणि त्याच आठवड्यात गुरुवारी ९२. ताई सांगलीला असते, वय ४९, अंगाने बारीक. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डायबेटिस नाही असं सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बॉर्डरवर आहेस, आधी भात सोड." ताईने भात सोडला, पण आकडे हलायचे थांबले नाहीत. शेवटी फोनवर मला म्हणाली, "आजार नाही म्हणतात, मग रोज वेगळं कसं येतं गं? मशीन खोटं की डॉक्टर खोटे?"

दोघंही खरे असू शकतात, हे तिला फोनवर पटवता आलं नाही. म्हणून हा आढावा. तिच्यासारखी माणसं आता थोडी राहिलेली नाहीत. मीटर औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळतो, दंडाला चिकटवायचा सेन्सर घरबसल्या मागवता येतो. ज्यांना मधुमेह नाही अशांच्या हाती रक्तातल्या साखरेचे इतके आकडे पूर्वी कधी पडले नव्हते. ते वाचायचे कसे, हे मात्र मीटरच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं नसतं. (पुढचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले आहेत, आपल्या रिपोर्टांवर असतात तसे.)

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एक वाटी भात खाल्ला तर याच्या पाच-सहापट साखर दोन-तीन तासांत रक्तात उतरते. दुसरीकडे एकटा मेंदूच दिवसाला शंभर ग्रॅमहून जास्त साखर जाळतो. टाकी चमचाभर आणि आतबाहेरचे नळ एवढे मोठे. अशा टाकीची पातळी दिवसाचा बहुतेक वेळ ७० ते १४०च्या मध्ये राहते याचंच मला नवल वाटतं. ती एका जागी खिळून राहील, ही अपेक्षा शरीराकडून कधी नव्हतीच.

हे सांभाळण्यात इन्सुलिनचा वाटा सगळ्यांना माहीत असतो, यकृताचा फार थोड्यांना. १८४८ साली फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांना नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली. साखर फक्त ताटातून येत नाही, शरीर ती स्वतः तयार करतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्या यकृतात साधारण शंभर ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात शिलकीला असते. रात्रभर पोट रिकामं असतं तेव्हा यकृत ती जपून जपून रक्तात सोडतं. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढतं, उठण्याची तयारी सुरू होते, आणि यकृताचा हात जरा सैल सुटतो. रात्री नुसतं ताक पिऊन झोपलं तरी सकाळी ११५ का, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. झोप कमी झाली तर हे आणखी बिघडतं. शिकागोत कारीन श्पीगेल आणि ईव्ह व्हॅन कॉटर यांनी ११ धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एवढ्यानेच त्यांची साखर पचवण्याची क्षमता स्पष्टपणे घसरलेली दिसली. ताईच्या वहीतला १२१ हा आकडा सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं त्या रात्रीनंतरचा आहे. तिने तो लिहिला, पण जागरणाचं लिहिलं नाही.

आता मशीन. ग्लुकोमीटर किती चुकला तर चालतो, याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१३ सालचं. १००च्या खालच्या साखरेला १५ मिलिग्रॅमची आणि १००च्या वरच्या साखरेला १५ टक्क्यांची सूट, आणि तीसुद्धा शंभरातल्या ९५ रीडिंगपुरती. उरलेली पाच याहून चुकली तरी मीटर पास. ताईच्या वहीला हे लावून पाहिलं. समजा त्या सहाही सकाळी तिची खरी साखर १०५ होती, कणभरही हलली नव्हती. तरी उत्तम, मान्यताप्राप्त मीटर ८९पासून १२१पर्यंत काहीही दाखवू शकतो. तिचा सकाळचा सर्वांत लहान आकडा ८९ आणि सर्वांत मोठा १२१. म्हणजे ज्या चढउताराने तिची झोप उडाली, तो अख्खाच्या अख्खा मीटरच्या माफीत बसतो. खरंच तो सगळा मीटरचा होता असं मी म्हणत नाही. पण तो शरीराचाच होता, असंही त्या वहीवरून कुणाला म्हणता येणार नाही.

शिवाय बोट. जपानमध्ये २०११ साली काही निरोगी लोकांना फळं सोलायला दिली आणि हात न धुता त्यांची साखर मोजली. आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही फरक पडला नाही. नळाखाली हात धुतल्यावर मात्र ते ताळ्यावर आले. रक्ताचा थेंब इवलासा असतो आणि बोटावरचा रस त्यात मिसळतो. आंब्याच्या दिवसांत, रस काढून झाल्यावर मोजलेल्या साखरेवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. स्ट्रिपा ओल्या हवेत बिघडतात, त्यामुळे पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहणं महागात पडतं. ज्याच्या रक्तात लाल पेशी कमी आहेत त्याच्या बाबतीत अनेक मीटर आकडा खऱ्यापेक्षा वाढवून सांगतात. ही शेवटची गोष्ट आपल्या बायकांसाठी फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येईन.

"मग लॅबचंच खरं मानायचं ना?" असं विचारलं जातं. निदान लॅबमधल्या शिरेच्या रक्तावरच करायचं, यात शंका नाही. पण लॅबचा आकडाही वाटेत झिजू शकतो. नळीत घेतलेलं रक्त जिवंत असतं आणि त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला ५ ते ७ टक्के साखर संपते. म्हणून साखरेसाठी करड्या झाकणाची, फ्लोराइड घातलेली नळी वापरतात. पण फ्लोराइडही लगेच काम करत नाही, पहिला तास-दोन तास गळती चालूच राहते. तालुक्याच्या गावी सकाळी सातला घेतलेलं रक्त दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोचत असेल, तर १०८ची ९८ होऊन येणं अवघड नाही. अशा वेळी घरचा मीटर जास्त दाखवतो म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जेवणानंतर तर दोघांमध्ये फरक असायलाच हवा. बोटातलं रक्त केशवाहिन्यांतलं, स्नायूंनी अजून साखर उचललेली नसते तेव्हाचं. कोपराजवळच्या शिरेतलं रक्त ती उचलून झाल्यानंतरचं. उपाशीपोटी दोन्ही जवळपास सारखी असतात, जेवल्यावर बोटातली साखर वीस-पंचवीसनेही जास्त भरू शकते.

आपल्याकडच्या रिपोर्टांवर सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो जेवणानंतरची साखर उपाशीपेक्षा कमी आली की. फास्टिंग १०२, पीपी ८८. लॅबने नमुने बदलले असणार, असंच घरात पहिल्यांदा वाटतं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. निरोगी माणसात जेवणानंतर अर्ध्या ते एका तासात साखर माथ्यावर जाते आणि दोन तासांनी मूळ जागी परतते. इन्सुलिनचा जोर चांगला असेल तर मूळ जागेच्याही जरा खाली जाते. पीपीचा नमुना नेमका त्या उतारावरचा असतो. त्यात सकाळची फास्टिंग पहाटेच्या संप्रेरकांनी थोडी फुगलेली असते. पीपी ही तपासणी मुळात ढिली आहे, हेही सांगायला हवं. लॅबमधून घरी जाऊन कुणी भाजी-भाकरी खातो, कुणी समोरच्या टपरीवर चहा आणि दोन बिस्किटांवर भागवतो, कुणी रिपोर्ट चांगला यावा म्हणून मुद्दाम दोन घासच खातो. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे की हात धुतल्यापासून, याचाही घरोघरी वेगळा हिशोब. (पहिल्या घासापासून मोजायचे.) ज्याला मधुमेह आहे आणि औषध कितपत लागू पडतंय ते बघायचं आहे, त्याला पीपी कामाची आहे. मधुमेह आहे की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी घेतलेली जीटीटी असते.

जीटीटीचाही आकडा एकदा आला म्हणजे कायमचा झाला असं नाही. अमेरिकेत एलिझाबेथ सेल्विन यांनी २००७ साली, त्याच माणसांच्या दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा केलेल्या तपासण्या ताडून पाहिल्या. एकाच माणसात उपाशी साखर सरासरी ५.७ टक्क्यांनी हलत होती, एचबीए१सी (ही तपासणी पुढे येते) ३.६ टक्क्यांनी आणि जीटीटीची दोन तासांची साखर तब्बल १६.७ टक्क्यांनी. १००च्या आसपास फास्टिंग असलेल्याला एकदा ९० आणि एकदा ११० मिळणं यात बसतं. लक्षणं नसतील तर एका बिघडलेल्या आकड्यावर निदान करू नये, दुसऱ्या तपासणीने खातरजमा करावी, हा नियम अशाच चढउतारामुळे आहे. जीटीटीच्या आधीचे तीन दिवस नेहमीसारखं पोळी-भात खाऊन जायचं असतं, दिवसाला किमान दीडशे ग्रॅम कर्बोदकं. हे फार कमी लोकांना सांगितलं जातं. ज्याने महिनाभर भात-पोळी बंद ठेवली, त्याचं शरीर चरबीवर चालायला सरावतं आणि एकदम ७५ ग्रॅम साखर पोटात गेली की गोंधळतं. आकडा जास्त येतो आणि भात सोडून काही उपयोग झाला नाही असं त्या माणसाला वाटतं. ताईनेही हेच केलं असतं. लागोपाठच्या उपासांनंतर थेट जीटीटीला जाऊ नये, तेही याच कारणाने. आपल्या उपासाचा वेगळाच पेच आहे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा. एकादशी दुप्पट खाशी असं आपण म्हणतो, पण खिचडी निम्मी खाल्ली तरी त्या दिवशीचा जेवणानंतरचा आकडा ज्वारीच्या भाकरीच्या दिवसाशी ताडण्यासारखा नसतो.

निरोगी माणसाची साखर दिवसभर प्रत्यक्षात काय करते, हे तर अलीकडेच नीट दिसायला लागलं. दंडाला किंवा पोटाला चिकटवायचे सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी टिपतात. २०१९ साली अमेरिकेत मधुमेह नसलेल्या १५३ जणांवर, सात वर्षांच्या मुलांपासून ऐंशीच्या वृद्धांपर्यंत, असे सेन्सर लावून पाहिले. सरासरी साखर ९८-९९, साठीपुढच्यांची थोडी जास्त. ७० ते १४०च्या मध्ये ९६ टक्के वेळ. दिवसाकाठी साधारण अर्धा तास १४०च्या वर आणि पाव तास ७०च्या खाली. म्हणजे जेवणानंतर अर्धा तास दीडशेला टेकून परत येणं हे निरोगीपणातच मोडतं. आदल्या वर्षी स्टॅनफर्डमध्ये मायकल स्नायडर यांच्या गटाने ५७ जणांना असाच सेन्सर लावला होता. दूध-कॉर्नफ्लेक्स खाल्ल्यावर त्यांतल्या बहुतेकांची साखर उसळली, नेहमीच्या तपासण्या स्वच्छ असलेल्यांचीसुद्धा. काहींची तर मधुमेहाच्या पातळीला जाऊन आली. या उसळ्यांनी पुढे काय होतं? याचं ठाम उत्तर अजून कुणाकडे नाही, आणि ते असल्यासारखं दाखवून अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन विकणाऱ्यांचा मला राग येतो.

सेन्सरच्याही मर्यादा आहेत. त्वचेखालची साखर रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असते. ज्या दंडावर सेन्सर आहे त्याच कुशीवर झोपलं की तिथला रक्तप्रवाह दाबला जातो आणि रात्री दोनला ५८ असा खोटा नीचांक उमटतो. असा आकडा बघून मध्यरात्री गूळ खाणारी माणसं मी पाहिली आहेत. इस्रायलमध्ये २०१५ साली ८०० जणांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाने एकच पदार्थ वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळी साखर वाढवतो असं दाखवलं, आणि आपापलं पथ्य सेन्सर बघून ठरवायची लाट आली. पण केविन हॉल यांच्या संशोधन गटाने मधुमेह नसलेल्यांना तेच जेवण काही दिवसांनी पुन्हा दिलं, तेव्हा त्याच माणसाची साखर दुसऱ्या वेळी बरीच वेगळी वागली. एकाच वेळी दोन कंपन्यांचे सेन्सर लावले तर कुठलं जेवण वाईट यावर दोघांचं एकमत होईना. तेव्हा एका मंगळवारी पोह्यांनी साखर १५५ केली म्हणून पोह्यांना कायमचं घराबाहेर काढणं हा त्या पोह्यांवरही अन्याय आहे. चार-पाच वेळा, तशाच झोपेनंतर, तेवढेच पोहे खाऊन तेच दिसलं तर गोष्ट वेगळी.

या सगळ्या रोजच्या हेलकाव्यांवर उतारा म्हणून एचबीए१सी आहे. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते, पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा गोळाबेरीज हिशोब मिळतो. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा निम्मा. ५.७च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ मधला पट्टा म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ आणि वर मधुमेह. उपाशी राहावं लागत नाही, कालच्या जागरणाने तो हलत नाही. पण त्याचं सगळं गणित लाल पेशीवर उभं आहे, आणि आपल्या देशात लाल पेशीच आजारी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटा वाढतो. साखर तीच असते, पण जुन्या पेशी जास्त काळ रेंगाळतात आणि त्यांना जास्त साखर चिकटलेली असते. उलट थॅलेसेमिया, जी६पीडीची कमतरता, सिकलसेल यांत पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी खोटा कमी येतो. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेल काही दुर्मीळ नाही. तिथे ५.४ असा रिपोर्ट हातात देऊन "शुगर एकदम छान" म्हणणं धोक्याचं आहे. हिमोग्लोबिन न बघता एचबीए१सी वाचू नये, हे मला या सगळ्या लेखातलं सर्वांत तातडीचं वाक्य वाटतं.

खाली जाणाऱ्या साखरेबद्दल थोडं. अकरा वाजता हात थरथरतात, घाम येतो, काहीतरी गोड खाल्लं की बरं वाटतं, म्हणून "माझी शुगर लो होते" असं सांगणारी माणसं पुष्कळ. अमेरिकन शल्यविशारद अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात घालून दिलेली कसोटी अजून तीच आहे: लक्षणं हवीत, त्याच वेळी रक्तातली साखर खरोखर कमी (आज ५५च्या खाली) मोजलेली हवी, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही एकत्र. अमेरिकेत सत्तरच्या दशकात या निदानाची इतकी साथ आली होती की १९७३ साली तिथल्या वैद्यकीय संघटनांना, थकवा आणि उदासी यांना सरसकट हायपोग्लायसेमिया म्हणू नका, असं निवेदन काढावं लागलं. बऱ्याच जणांची अकरा वाजताची थरथर ही भूक, चहावर काढलेली सकाळ किंवा धास्ती असते. थरथर लागली त्याच क्षणी, हात धुऊन मोजलं आणि ८४ आलं, तर साखर निर्दोष आहे. पण उपाशीपोटी, पहाटे, गोंधळून जाणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं यांबरोबर खरोखर ५५च्या खालचा आकडा असेल, किंवा पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्याला जेवणानंतर असं होत असेल, तर ते घरी सोडवायचं कोडं नाही. लगेच डॉक्टरांकडे जायचं.

आता त्या बॉर्डरबद्दल. बॉर्डर म्हटलं की कुंपण डोळ्यांपुढे येतं, अलीकडे निरोगी, पलीकडे रोगी. प्रत्यक्षात रेषा माणसांनी आखल्या आणि सरकवल्या आहेत. १९९७पर्यंत उपाशी साखर १४०ला मधुमेह म्हणायचे, त्या वर्षी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ती १२६वर आणली. डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाने होणारी इजा कुठल्या पातळीपासून दिसू लागते, हा त्यामागचा मोठा आधार. २००३ साली त्यांनीच प्रीडायबेटिसची खालची रेषा ११०वरून १००वर उतरवली. जागतिक आरोग्य संघटनेने ती ११०लाच ठेवली. म्हणजे फास्टिंग १०४ असलेला माणूस एका संस्थेच्या मते प्रीडायबेटिक आणि दुसरीच्या मते निरोगी. २०२४ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने जीटीटीत एका तासाच्या साखरेला महत्त्व दिलं: १५५ किंवा वर असेल तर सावध व्हावं, २०९ किंवा वर असेल तर मधुमेह मानावा. दोन तासांपर्यंत सावरून घेणारं, पण मधल्या चढावर दमणारं शरीर यात पकडलं जातं.

रेषा अशा सरकत्या आहेत म्हणून निर्धास्त राहावं का? दुसऱ्या देशातल्या वाचकाला मी कदाचित हो म्हटलं असतं, आपल्या माणसांना म्हणवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाचे देशभराचे आकडे २०२३ साली आले. प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह, १५.३ टक्के प्रीडायबेटिसमध्ये. गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. आणि आपल्याकडे मधल्या पट्ट्यातून पलीकडे जाण्याचा वेग जास्त आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या प्रतिबंध अभ्यासात ५३१ जण होते. दोनदा जीटीटी करून सगळ्यांची साखर मधल्या पट्ट्यात असल्याची खात्री केली होती. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला त्यांतल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्याकडे आणि खाण्याकडे लक्ष पुरवलं गेलं, त्यांच्यात ३९ टक्क्यांना. या ५५ आणि ३९मधलं अंतर कुणाच्याही रोजच्या आकड्यापेक्षा मोलाचं आहे.

बारीक अंगामुळे आपण सुटलो, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. यूडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या ३.५ किलोच्या बाळांपुढे काटकुळी. स्नायू आणि अवयव कमी भरलेले, चरबी मात्र टिकून. ती मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक मुलग्यांची साखर प्रीडायबेटिसच्या पातळीवर होती, आणि त्या पिढीतले कितीतरी जण वजनाला कमीच होते. साखर सामावणारा स्नायू कमी आणि इन्सुलिनचा साठा आधीच तोकडा, हे भांडवल घेऊन आपण जन्मतो. म्हणून "मी तर काडीसारखी आहे" हे ताईचं वाक्य तिला जेवढा दिलासा देतं तेवढा मला देत नाही.

मग घरी मोजायचं का? मधुमेह नसेल तर रोज मोजून हाती काही लागत नाही, धसका तेवढा लागतो. ज्यांना खरंच कळून घ्यायचं आहे त्यांनी दोन आठवडे नीट मोजावं आणि मीटर कपाटात ठेवावा. पाणी-साबणाने हात धुवून पुसायचे, बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, पिळून रक्त काढायचं नाही. शंका आली तर लगेच दुसऱ्या स्ट्रिपने पुन्हा. आकड्यापुढे वेळ, आदल्या रात्रीची झोप, काय आणि किती खाल्लं, ताप-सर्दी, पाळीचे दिवस, चालू औषधं. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही दिवस साखर चढते आणि घरात कुणाला कारण कळत नाही. मग दोन आठवड्यांच्या आकड्यांचा मध्य बघायचा आणि एकटादुकटा उंच आकडा त्याच्या जागी राहू द्यायचा. फास्टिंगचा मध्य ११०च्या पुढे, दोन तासांचे बरेचसे आकडे १४०च्या पुढे, किंवा कधीही २००, तर लॅबमध्ये जायचं. सतत तहान, रात्री वारंवार लघवीला उठणं, न ठरवता वजन उतरणं असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. गरोदरपणाचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत, तिथे घरचा अंदाज चालत नाही.

खाण्याबद्दल एवढंच लिहिते. वेल कॉर्नेलमध्ये २०१५ साली मधुमेह असलेल्या ११ जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं, एकदा ब्रेड आधी आणि एकदा भाजी व मांस आधी. भाजी आधी खाल्लेल्या दिवशी साखर बरीच कमी चढली. आपल्या पंगतीची सुरुवात वरण-भाताने होते. कोशिंबीर आणि उसळ आधी संपवून मग भाताला हात घालणं अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण भात कायमचा सोडण्याइतकं ते जड नाही. आणि शतपावली. चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलतात, म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं साखरेच्या हिशोबात वेळेच्या मानाने फार देऊन जातात. शंभर पावलांत हे भागत नाही, हजार तरी हवीत.

ताईने शेवटी रीतसर तपासणी केली. आधी चार दिवस भात-पोळी नेहमीसारखी खाल्ली, त्याबद्दल काकूंचं बोलणंही खाल्लं. फास्टिंग १०४. एका तासाला १७८. दोन तासांना १३१. एचबीए१सी ५.८. हिमोग्लोबिन ९.८. एका मापाने ती निरोगी, दुसऱ्या मापाने प्रीडायबेटिक, तिसऱ्या मापाने एका तासाचा चढ न झेपणारी. ५.८ मधला किती साखरेचा आणि किती लोहाच्या कमतरतेचा, हे आज कुणालाच सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जेवणानंतर चालायला सांगितलं आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावर पुन्हा तपासू म्हणाले. त्याला तीन-चार महिने लागणार, म्हणजे ऐन दिवाळी. ताईचं म्हणणं, फराळ होऊन जाऊ दे, मग बघू. मी तिला वसुबारसेच्या आधीच्या सोमवारी सकाळी आठची वेळ घेऊन ठेवायला लावली आहे.